बॅटरी उतरली आणि स्टिरिओ कोड मागतोय: तो कसा उघडायचा आणि पुन्हा पुन्हा का मागतो

गाडी काही दिवस उभीच होती, नाहीतर रात्री आतला दिवा चालू राहिला, नाहीतर बॅटरीचं वय झालं होतं. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं ‘टक्’. मग जम्पर केबल लावून किंवा नवी बॅटरी बसवून गाडी एकदाची सुरू होते, जीव भांड्यात पडतो आणि हात सवयीने स्टिरिओकडे जातो. पडद्यावर ‘कोड’, किंवा ‘सेफ’, किंवा नुसत्या चार आडव्या रेघा. बटणं दाबून पाहिली तरी आवाज नाही.

हे वाचताना तुम्ही गाडीतच बसला असाल तर आधी एवढं करा: बोट बटणावरून काढा. अंदाजाने आकडे टाकू नका. ०००० नको, १२३४ नको, कुणाचं जन्मसाल नको. चार आकडी कोडच्या दहा हजार शक्यता असतात आणि तुमच्या हातात संधी असतात दोन, तीन, फार तर दहा. स्टिरिओ बिघडलेला नाही. त्याला कुणी हात लावला नाही तर तो आठवडाभरसुद्धा तसाच थांबून राहील.

माझ्या मोठ्या भावाच्या गाडीत मी पोचेपर्यंत घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस टाकून झाले होते आणि सेटने आकडे घेणंच बंद केलं होतं. कोडचं कार्ड निघालं गाडीच्या माहितीपुस्तकाच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, मागच्या कप्प्यात, जुन्या सर्व्हिसच्या पावतीला चिकटलेलं. व्हिजिटिंग कार्डाहून थोडं लहान, वर चार आकडे, खाली सेटचा नंबर. दहा मिनिटं आधी शोधलं असतं तर सगळा मनस्ताप वाचला असता.

सेट असा का वागतो

स्टिरिओला वीज दोन वाटांनी मिळते. एक चावी फिरवल्यावर चालू होणारी, दुसरी थेट बॅटरीवरून, गाडी बंद असतानाही जिवंत राहणारी. बाहेरून बसवलेल्या सेटच्या वायरिंगमध्ये पहिली लाल असते आणि दुसरी पिवळी. घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं बहुतेक सेटमध्ये या पिवळ्या वायरीच्या जिवावर टिकतात. कोडचं तसं नाही. तो सेटमधल्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये लिहिलेला असतो आणि वीज गेली तरी पुसला जात नाही.

१९८० आणि १९९०च्या दशकांत काच फोडून स्टिरिओ पळवणं सर्रास चालायचं. सेट ओढून काढला की त्याची वीज तुटणारच. म्हणून कंपन्यांनी अशी योजना केली की कायमची वीज तुटून परत आली की सेटने मालकाची खूण मागायची. चोरून नेला तरी तो वाजू नये, एवढाच हेतू. आता उतरलेली बॅटरी आणि चोराचा हात यांतला फरक सेटला कळायला काही मार्ग नाही.

त्यामुळे ‘बॅटरी तासभर काढून ठेव, कोड आपोआप जाईल’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वीज गेली म्हणूनच कुलूप लागलंय, ते आणखी वीज तोडून कसं उघडेल? सेट फ्रिजमध्ये ठेवण्याचे वगैरे उपायही असेच हवेतले आहेत. चिप गारठली म्हणून काही विसरत नाही, सेटमध्ये ओल मात्र धरते.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हा प्रश्न उरलेला नाही. सेट गाडीच्या आतल्या नेटवर्कवरून आपण त्याच गाडीत आहोत ना, हे पडताळतो आणि खात्री पटली की मुकाट्याने सुरू होतो. फोक्सवॅगन गटाच्या कित्येक गाड्यांत कोड एकदा बरोबर टाकला की पुढे त्याच गाडीत पुन्हा मागितला जात नाही. काही नव्या होंडा गाड्यांत तर चावी चालू करून सेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरलं की सेट गाडी ओळखतो आणि कुलूप निघतं. तुमची गाडी नवी असेल तर हे आधी करून पाहा, यात संधी खर्ची पडत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच पाहून घ्या. पडदा पूर्ण काळा असेल, काहीच उमटत नसेल, तर ते कुलूप नव्हे, सेटला वीजच मिळत नाही. जम्पर लावताना ठिणगी उडाली असेल किंवा केबल उलट्या लागल्या असतील तर फ्यूज गेलेला असण्याची शक्यता मोठी. आधी तो बघा. कोडचा विचार पडदा उजळल्यावर.

कोड कुठे सापडतो

पहिली जागा माहितीपुस्तकाचं पाकीट. पान न् पान उलटा, कव्हरच्या आत बोट घालून बघा. मग सर्व्हिस बुकाची पहिली आणि शेवटची पानं. तिथे कुणीतरी पेनाने चार आकडे लिहिलेले असतात आणि ते कशाचे हे लिहिलेलं नसतं. मग ग्लोव्ह बॉक्स, त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं स्टिकर. राखेचा डबा बाहेर काढून त्याची खालची बाजू. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाला एक फोन कराच. गाडी विकताना ते कार्ड द्यायचं लोकांच्या ध्यानात राहत नाही आणि ते घरातल्या कुठल्यातरी खणात पडून असतं.

यातलं काहीच हाती लागलं नाही तर सेटचा सिरियल नंबर मिळवायचा. काही सेट तो स्वतःच दाखवतात. बऱ्याच जुन्या फोर्ड सेटवर १ आणि ६ ही बटणं एकत्र दाबून धरली की पडद्यावर नंबर सरकू लागतो. ‘एम’ किंवा ‘व्ही’ने सुरू होणारा आणि पुढे सहा आकडे असलेला जो असेल तो आपल्या कामाचा. होंडाच्या बऱ्याच सेटवर १ आणि ६ दाबून धरून पॉवर चालू केली की ‘यू’ आणि ‘एल’ने सुरू होणारे दोन भाग एकामागून एक दिसतात, दोन्ही उतरवून घ्या. लिहिण्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ काढलेला बरा, आकडे झरझर जातात आणि शून्य की आठ यात गोंधळ होतो.

जो सेट काही दाखवत नाही तो बाहेर काढावा लागतो. त्याला घाबरायचं कारण नाही. पुढच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना दोन-दोन बारीक भोकं दिसत असतील तर त्यात जाणाऱ्या इंग्रजी ‘यू’ आकाराच्या तारेच्या चाव्या मिळतात. त्या ‘टक्’ आवाज येईपर्यंत आत ढकलायच्या, किंचित बाहेरच्या बाजूला ताणायच्या आणि सेट सरळ स्वतःकडे ओढायचा. तिरका ओढलात तर अडकतो. मागच्या वायरी आखूड असतात, त्यामुळे हाताच्या तळव्यावर सेट तोलून धरा आणि डोक्यावरचं किंवा बाजूचं स्टिकर वाचा. फोक्सवॅगनच्या सेटवर ‘व्हीडब्ल्यूझेड’ने सुरू होणारा चौदा अक्षरी नंबर असतो, स्कोडाचा ‘एसकेझेड’, ऑडीचा ‘एयूझेड’. जुन्या रेनॉच्या सेटवर एक अक्षर आणि तीन आकडे असा छोटा पूर्वकोड असतो, त्यावरून खरा कोड काढता येतो. स्टिकरचा फोटो काढा, वायरी काढायची गरज नाही, सेट परत आत सरकवा.

हा नंबर, चेसिस नंबर, गाडीच्या नोंदणीची कागदपत्रं आणि स्वतःचं ओळखपत्र घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलात की ते कंपनीच्या नोंदीतून कोड काढून देतात. इथे एक अडचण हमखास येते. चेसिस नंबरवरून मिळणारा कोड हा गाडीत कारखान्यात बसवलेल्या सेटचा असतो. मध्ये कुणी सेट बदलला असेल तर तो कोड चालणार नाही. अशा वेळी लोक ‘कोड चुकीचा दिला’ म्हणून तोच पुन्हा पुन्हा टाकत बसतात आणि संधी संपवतात. एकदा टाकून लागला नाही तर थांबा आणि सेटच्या अंगावरचा सिरियल नंबर नोंदीशी जुळतो का ते विचारा. जुळत नसेल तर स्टिकरवरच्या नंबरावरूनच कोड मागायचा.

कोड टाकताना

इथे घात होतो तो पद्धतीत. कोड बरोबर असतो, टाकायची रीत चुकते, आणि सेट ती चूकच धरतो.

सर्वांत जास्त आढळणारी रीत अशी: बटण १ म्हणजे पहिला आकडा, २ म्हणजे दुसरा, ३ आणि ४ तसेच. एकेक बटण हवा तो आकडा दिसेपर्यंत दाबत जायचं. समजा कोड १७०३ आहे. बटण १ दाबून पहिल्या घरात १ आणायचा, बटण २ दाबत दाबत ७, बटण ३ ने ०, बटण ४ ने ३. मोजू नका, पडद्याकडे बघा. काही सेट शून्यापासून सुरू करतात, काही एकपासून. बऱ्याच फोक्सवॅगन सेटवर ‘सेफ’ गेल्यावर आधीच ‘१०००’ दिसतं. तो तुमचा कोड नव्हे, ती फक्त सुरुवात आहे. चारही आकडे जुळले की पक्कं करणारं बटण दाबायचं किंवा दोन-तीन सेकंद धरायचं. ते बटण कोणतं, हे प्रत्येक सेटचं वेगळं, माहितीपुस्तकात दिलेलं असतं. आकडे जुळवले, पण पक्कं करण्याऐवजी भलतंच बटण दाबलं, असं मी अनेकदा पाहिलंय.

होंडाच्या बऱ्याच सेटची रीत निराळी. तिथे आकडे सरळ फोनसारखे दाबायचे, म्हणून कोडमध्ये १ ते ६ हेच आकडे असतात. मध्येच चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही. उरलेले आकडे कसेही दाबून ती फेरी पूर्ण करायची आणि मग बरोबर कोड टाकायचा. नाहीतर तुमचा दुसरा प्रयत्न पहिल्याच्या शेपटाला जोडला जातो आणि दोन्ही वाया जातात.

सेट आकडेच घेत नसेल तर

म्हणजे चुका जास्त झाल्या आणि सेटने शिक्षा म्हणून वेळ लावली. ‘सेफ’ दाखवणारे बरेच फोक्सवॅगन सेट दोन चुकांनंतर साधारण तासभर थांबायला लावतात. होंडाच्या पुस्तकात दहा संधी आणि मग एक तास. जुन्या रेनॉत प्रत्येक चुकीला वेळ दुप्पट होत जातो: एक मिनिट, दोन, चार, असं. काही जुन्या फोर्ड सेटवर दहा चुकांनंतर ‘लॉक १०’ येतं आणि पुढच्या तीन संधीही गेल्या की ‘लॉक १३’. तिथवर गेलेला सेट घरी उघडत नाही.

हा तास कसा काढायचा ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचा प्रयत्न इथेच फसतो. थांबण्याचा वेळ सेट चालू असतानाच मोजला जातो. चावी काढून, दुपारी येऊन बघू म्हटलं तर घड्याळ पुढे सरकतच नाही. चावी फिरवलेली हवी, सेट चालू हवा. पण तुमची बॅटरी तर नुकतीच उतरलेली! तासभर चावी चालू ठेवली की ती पुन्हा बसते, वीज तुटते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. म्हणून आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि मगच तास मोजायला बसा. किंवा सरळ तासभर गाडी चालवा, सेट चालू ठेवून. इंजिन नुसतं चालू ठेवायचं असेल तर गाडी उघड्यावर हवी. बंद गॅरेजमध्ये हे कधीही करू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

वेळ संपूनही सेट ऐकत नसेल किंवा कायमचं कुलूप पडलं असेल, तर सेट दुरुस्त करणारे तंत्रज्ञ तो उघडून चिपमधला कोड वाचू शकतात. त्या कामाला हातोटी लागते, घरी सोल्डरिंगची गन घेऊन बसू नये.

दर वेळी कोड मागत असेल तर

खरा प्रश्न हा आहे. एकदा कोड टाकला, चार दिवसांनी पुन्हा मागितला. लोक स्टिरिओला दोष देतात, पण दोष जवळजवळ नेहमी विजेत असतो. सेट कोड कधी मागतो, यावरून दोष कुठे आहे ते कळतं.

सेल्फ मारल्यावर लगेच मागत असेल तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतकं खाली जातंय की सेटला वीज गेल्यासारखीच वाटते. मल्टिमीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावा. गाडी रात्रभर उभी असेल तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. चांगल्या बॅटरीत तो ९.६च्या खाली जाऊ नये. ८, ७ असा कोसळत असेल आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत, तिथेही १२.५च असेल तर ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनित्र) भरत नाहीये आणि नवी बॅटरीही चार दिवसांत बसेल.

पण मीटर हातात घेण्याआधी एक गोष्ट करा. बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प चिमटीत धरून फिरवून बघा. भावाच्या गाडीत कोड टाकून सेट सुरू केला, तर आठवड्यात तीनदा त्याने पुन्हा कोड मागितला. बॅटरी नवी, आकडे सगळे बरोबर. क्लॅम्पला हात लावला तर तो शिशाच्या खांबावर बांगडीसारखा फिरला. आतून पांढरट-हिरवा भुगा, खड्ड्यात चाक आदळलं की क्षणभर संपर्क तुटत होता. इंजिन ऑल्टरनेटरवर चालत राहायचं, सेटला मात्र तो झटका पुरायचा. क्लॅम्प काढला, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने घासला, खांब खडबडीत कागदाने चकचकीत केला, कोरडा करून बसवला आणि पान्याने दीड फेरा आवळला. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाणार नाही, एवढं सांभाळा. तिथून पुढे सेटने कोड मागितलेला नाही.

चावी बंद करून पुन्हा चालू केली की दर वेळी कोड, आणि सोबत घड्याळ आणि स्टेशनंही विसरत असेल, तर कायमची वीज सेटपर्यंत पोचतच नाही. तिचा फ्यूज वेगळा असतो आणि काही गाड्यांत तोच फ्यूज आतल्या दिव्यालाही असतो. दरवाजा उघडल्यावर दिवा लागत नसेल तर शोध तिथूनच सुरू करा. आणि सेट अलीकडे बदलला असेल तर लाल-पिवळ्या वायरींची अदलाबदल झालीये का ते बघा. काही गाड्यांच्या प्लगमध्ये या दोन जागा उलट असतात, त्यामुळे प्लग बरोबर बसतो, सेट वाजतो, पण आठवण राहत नाही.

राहिली ती तऱ्हा, गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरीच बसते. इथे कुणीतरी गुपचूप वीज पितंय. निगेटिव्ह केबल काढून केबल आणि खांब यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर लावायचा. लगेच आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. गाडीतले कंट्रोलर, म्हणजे आतले छोटे संगणक, झोपायला काही मिनिटांपासून अर्धा-पाऊण तास घेतात. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. अर्धा अँपिअर राहिला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चौथ्या दिवशी संपते. आता एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला त्या वाटेवर चोर आहे. कधीकधी तो स्टिरिओच असतो: आतली सीडीची यंत्रणा अर्धवट अडकून मोटर फिरत राहते, किंवा बाहेरून बसवलेला ॲम्प्लिफायर चावी काढल्यावरही बंद होत नाही. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज उडेल.

पुढची बॅटरी बदलण्याआधी

कोड हातात असल्याशिवाय बॅटरीला पाना लावू नका. कुणी मेकॅनिक बदलत असेल तर त्याला आधी सांगा, ‘दादा, स्टिरिओला कोड आहे, तो मिळेपर्यंत थांबा.’ केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. बॅटरी काढली तरी सेटला वीज मिळत राहावी म्हणून मेकॅनिक गाडी तपासायला जिथे संगणक जोडतो त्या पोर्टमध्ये लावायचं छोटं यंत्र मिळतं. ते चालतं, पण मग सुटलेली पॉझिटिव्ह केबल जिवंत असते हे विसरायला होतं. कापडात गुंडाळून ठेवा. माझं मत विचाराल तर घरी बॅटरी बदलणाऱ्याने ते यंत्र वापरण्यापेक्षा कोड शोधून ठेवलेला बरा.

आणि तो कार्डावरचा कोड गाडीत ठेवू नका, गाडीत ठेवला तर चोरालाही मिळतो. कार्डाचा आणि सेटच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये, कार्ड घरातल्या गाडीच्या फाइलमध्ये, आणि गाडी विकाल तेव्हा चावीच्या दुसऱ्या संचासोबत ते नव्या मालकाच्या हातात.